सांवलींतील बाग : नेच्यांची जोपासना

बागेचा विषय निघाला म्हणजे बहुतेकांच्या मनांत प्रथम फुलें येतात. गुलाब, मोगरा, शेवंती, अबोली यांचीं नांवें आपण सहज घेतों, आणि त्यांच्यासाठीं घराची उन्हाची बाजू शोधूं लागतों. घराची जी बाजू सांवलींत असते, जेथें ऊन कवडशापुरतेंच येतें, ती बागेच्या दृष्टीनें वायां गेली असें समजून आपण तेथें बादल्या, केरसुण्या आणि मोडक्या खुर्च्या ठेवतों. आज मला बोलावयाचें आहे तें या टाकून दिलेल्या बाजूविषयीं, आणि तिला शोभा आणणाऱ्या एका वनस्पतीविषयीं. ही वनस्पति म्हणजे नेचा.

नेच्याला फूल येत नाहीं, फळ धरत नाहीं, बीं होत नाहीं. सुवासाचें तर नांवच नको. त्याचें सारें वैभव पानांत सांठवलेलें आहे. नवें पान वर येतें तें चकलीसारखें गुंडाळलेलें असतें, आणि कांहीं दिवसांत तें उलगडत उलगडत पिसासारखें पसरतें. ही उलगडण्याची क्रिया ज्यानें एकदां लक्षपूर्वक पाहिली त्याला फुलांची उणीव भासत नाहीं. परंतु हौसेनें आणलेला नेचा शहरांतील घरांत फार दिवस टिकत नाहीं, अशी तक्रार पुष्कळ घरांतून ऐकूं येते. तिचें कारण काय, आणि तिच्यावर उपाय काय, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

या प्रश्नाचा विचार करण्यास बोळिंज हें गांव फार सोयीचें आहे. विरार स्टेशनावरून आगाशी-अर्नाळ्याकडे निघालें कीं वाटेंत बोळिंज लागतें. वसईच्या पश्चिम पट्ट्यांतील जुनें वाडीचें जीवन आणि शहराचें नवें जीवन येथें एकमेकांस खेटून उभें आहे. एकीकडे नारळ, सुपारी आणि केळी यांच्या वाड्या, त्यांतील विहिरी व पाण्याचे पाट. दुसरीकडे म्हाडाच्या वसाहतीच्या उंच इमारती. २००९ सालीं वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली, तेव्हांपासून तर हा शहराचा विस्तार अधिकच वेगानें होत आहे. वाडींतल्या माणसाला नेचा लावावा लागत नाहीं. विहिरीच्या चिऱ्यांच्या सांध्यांत, पाटाच्या कडेला, जुन्या आंब्याच्या खांदीवर तो आपोआप येतो. आणि पुष्कळदां गवताबरोबर उपटलाहि जातो. इमारतींतल्या माणसाला मात्र तोच नेचा पैसे देऊन आणावा लागतो, त्याला तो रोज हौसेनें पाणी घालतो, आणि तरीहि पुढचा उन्हाळा त्या बिचाऱ्या झाडाला दिसत नाहीं. गांव एक, पाऊस एक, समुद्रावरचा वारा एक; मग एकीकडे न मागतां येणारा नेचा दुसरीकडे एवढ्या शुश्रूषेनें कां मरावा?

याचें उत्तर समजण्यासाठीं नेच्याच्या कुळाची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. नेचे हें वनस्पतींतील फार प्राचीन घराणें आहे. त्यांच्या पूर्वजांचे अवशेष सुमारें छत्तीस कोटि वर्षांपूर्वींच्या खडकांत सांपडतात, आणि फुलें धारण करणाऱ्या झाडांचा उदय त्यानंतर वीस कोटींहून अधिक वर्षांनीं झाला. म्हणजे पृथ्वीवर पहिलें फूल उमलण्यापूर्वींच नेच्यांचीं अरण्यें होऊन गेलीं होतीं. या जुन्या घराण्यानें आपल्या जुन्या चालीरीति सोडलेल्या नाहींत, आणि त्यांपैकी एक चाल आपल्या विषयाच्या मुळाशीं आहे.

नेच्याच्या पिकल्या पानाची खालची बाजू पाहिली असतां तेथें तपकिरी ठिपके किंवा रेघा ओळीनें मांडलेल्या दिसतात. त्यांत धुळीहून बारीक असे बीजाणु असतात. बीजाणु ओल्या जागीं पडला म्हणजे त्यापासून एकदम नेचा उगवत नाहीं. प्रथम नखाएवढा, हृदयाच्या आकाराचा, हिरवा पापुद्रा तयार होतो. या पापुद्र्याच्या खालच्या अंगाला स्त्री व पुरुष अशीं दोन्ही इंद्रियें असतात. पुरुषपेशी पाण्याच्या पातळ थरांतून पोहत जाऊन स्त्रीपेशीला मिळते, आणि मगच त्यांतून खऱ्या नेच्याचा अंकुर फुटतो. या दोन पिढ्यांच्या आळीपाळीचें रहस्य विल्हेल्म हॉफमाइस्टर या जर्मन शास्त्रज्ञानें १८५१ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत उलगडून दाखविलें. सांगावयाचा मुद्दा हा कीं नेच्याच्या घरचें लग्न पाण्यावांचून लागत नाहीं. म्हणूनच जेथें जमीन व हवा दीर्घकाळ ओलसर राहते तेथेंच त्याचा वंश वाढतो.

आतां बोळिंजच्या वाडींत तो कोठें कोठें दिसतो तें पाहूं. पहिली जागा विहिरीची. जुन्या विहिरींचें बांधकाम चुन्याचें. त्यांच्या आंतल्या भिंतीवर हंसराज लोंबत असतो. काळाभोर, तकतकीत, तारेसारखा देंठ आणि त्यावर नाजूक हिरव्या पाकळ्यांसारखीं पानें, ही त्याची खूण. त्याच्या पानावर पाणी शिंपडलें तर तें ठरत नाहीं, थेंब होऊन घसरून जातें. याच गुणावरून ग्रीक लोकांनीं त्याला ‘न भिजणारा’ अशा अर्थाचें नांव दिलें, आणि त्याचें ॲडिअँटम हें शास्त्रीय नांव त्यावरूनच आलें आहे. आपल्याकडील वैद्यकांतहि हंसराज जुन्या ओळखीचा आहे. त्याच्या कांहीं जातींना चुना विशेष मानवतो, म्हणून चुन्याच्या बांधकामाच्या फटी त्यांना आवडतात. जुन्या भिंतींवर टेरिस नांवाचा लांबट पानांचा दुसरा एक नेचा उगवतो. रस्त्यानें जाणारा त्याच्याकडे ढुंकूनहि पाहत नाहीं. परंतु त्याच्यांतील व्हिटाटा या जातीविषयीं २००१ सालीं अमेरिकेंतील फ्लॉरिडाच्या संशोधकांनीं असें दाखवून दिलें कीं, ती मातींतील सोमल मोठ्या प्रमाणावर शोषून आपल्या पानांत सांठविते. दूषित जमीन शुद्ध करण्याच्या कामीं तेव्हांपासून तिच्याकडे आशेनें पाहिलें जातें.

दुसरी जागा बावखलाच्या कांठची. बावखल म्हणजे वाडीच्या कडेला असलेलें, मातीच्या कांठाचें, गोड्या पाण्याचें लहानसें तळें. वसईच्या या पट्ट्याबाहेर हा शब्द फारसा ऐकूं येत नाहीं. पावसाचें पाणी त्यांत सांठतें, जमिनींत मुरतें, आणि आसपासच्या विहिरी त्यामुळें गोड राहतात. बावखलावर झाडांची सांवली असली कीं त्याच्या कांठची हवा भर दुपारींहि गार व दमट असते. तिसरी जागा आंब्याच्या खांदीवरची. तेथें जो मोठा नेचा बसतो त्याला आपल्या लोकांनीं बाशिंग असें सुरेख नांव दिलें आहे. त्याचीं पानें दोन प्रकारचीं. लहान, तपकिरी, वाळल्यासारखीं दिसणारीं पानें खांदीला चिकटून पालापाचोळा अडवून धरतात, आणि त्यांतून पावसाळ्यांत लांब हिरवीं पानें निघतात. कोरड्या दिवसांत हिरवीं पानें झडून जातात. झाड मेलें असें वाटतें, पण तें विसावा घेत असतें.

मुंबई इलाख्यांतील नेच्यांचा पद्धतशीर अभ्यास मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजांतील फादर ब्लॅटर यांनीं डी’आल्मेडा यांच्या सहकार्यानें केला, आणि त्यांचें ‘द फर्न्स ऑफ बॉम्बे’ हें पुस्तक १९२२ सालीं प्रसिद्ध झालें. ज्या आपल्या विहिरींकडे आपण पोहऱ्यापलीकडे पाहत नाहीं त्यांच्या भिंतींवरचें हें वैभव विद्वानांनीं शंभर वर्षांपूर्वींच नोंदून ठेवलें आहे.

या तीनहि जागांत कोणती गोष्ट समान आहे? विहिरीच्या भिंतीवरच्या हंसराजाच्या मुळांशीं पाणी तुंबत नाहीं. तो तर उभ्या भिंतीवर आहे. बाशिंगाच्या मुळांशीं माती अशी नाहींच, पाऊस पडतो आणि वाहून जातो. बावखलाच्या कांठचा नेचा पाण्यांत बुडालेला नसतो, पाण्याच्या वर असतो. पण तीनहि ठिकाणीं भोंवतालची हवा ओलसर आहे, माथ्यावर सांवली आहे आणि वारा अडलेला आहे. इमारतींतला आपला मित्र काय करतो? तो कुंडी पाण्यानें भरतो, आणि हवा कोरडी ठेवतो. मुळें चिखलांत कुजतात, पानें वाऱ्यानें करपतात. नेच्याला पाणी नव्हे, ओलावा हवा, हें एकच वाक्य ज्यानें ध्यानांत ठेवलें त्याचे निम्मे नेचे वांचले असें समजावें.

हें तत्त्व ज्या योगायोगानें जगापुढें आलें तो मनोरंजक आहे. लंडनमध्यें नॅथॅनिएल वॉर्ड नांवाचा एक डॉक्टर राहत असे. त्यानें अंगणांत लावलेले नेचे गिरण्यांच्या धुरानें मरून जात. १८२९ सालीं त्यानें एका पतंगाचा कोश ओलसर मातीसह कांचेच्या बाटलींत बंद करून ठेवला होता. पतंगाची वाट पाहतां पाहतां त्याला दिसलें कीं, मातींतून एक नेचा आणि एक गवताचें पातें उगवलें आहे. दिवसां मातींतलें पाणी वर जाऊन कांचेवर थेंब होई, आणि तेंच पुन्हां मातींत उतरे. तीं झाडें वरून पाणी न घालतां त्या बाटलींत जवळ जवळ चार वर्षें जगलीं. त्यावरून त्यानें कांचेच्या बंद पेट्या करविल्या, आणि १८३३ सालीं अशा दोन पेट्या जहाजानें ऑस्ट्रेलियांतील सिडनीला धाडल्या. झाडें जिवंत पोंचलीं. चीनमधून हिंदुस्थानांत चहाचीं रोपें आलीं तीं पुढें अशाच पेट्यांतून. सकाळचा चहा घेतांना या नेच्याची आठवण ठेवण्यास हरकत नाहीं.

आतां प्रत्यक्ष जोपासनेकडे वळूं. प्रथम निवड. नवशिक्यानें नेफ्रोलेपिसपासून आरंभ करावा. याची बोस्टन या नांवानें ओळखली जाणारी जाति १८९४ सालीं फिलाडेल्फियाहून बोस्टनकडे गेलेल्या रोपांच्या एका खेपेंत वेगळी म्हणून लक्षांत आली, आणि आज ती जगभर घरोघरीं आहे. तिचीं पानें लांब आणि कमानीसारखीं वळलेलीं असल्यामुळें टांगत्या कुंडींत ती फार शोभते, आणि थोडी हयगय झाली तरी सोसते. दुसरा अस्प्लेनियम, याचीं रुंद, अखंड, चकचकीत पानें पक्ष्याच्या घरट्यासारखीं गोल मांडलेलीं असतात. त्याच्या मध्यभागीं पाणी तुंबूं देऊं नये. हंसराज सर्वांत सुंदर आणि सर्वांत मानी. त्याची माती एकदां कडकडीत वाळली कीं सारीं पानें एका दिवसांत चुरगळतात. मात्र तेव्हां झाड फेकून देण्याची घाई करूं नये. सर्व पानें मातीलगत कापावीं, कुंडी सांवलींत ओलसर ठेवावी. मुळें जिवंत असतील तर कांहीं आठवड्यांत नवे कोंब दिसतील.

उजेडाविषयीं एक सोपी कसोटी सांगतों. ज्या जागीं दिवसां दिवा न लावतां वर्तमानपत्र सुखानें वाचतां येतें, पण अक्षरांवर ऊन पडत नाहीं, ती जागा नेच्याची. सांवली म्हणजे अंधार नव्हे. कपाटाच्या कोपऱ्यांत किंवा जिन्याखालीं ठेवलेला नेचा हळूहळू फिकट व लांबट होऊन मरतो. उत्तरेकडील गॅलरी सर्वांत उत्तम. पूर्वेकडील गॅलरींत सकाळचें कोंवळें ऊन तासभर आलें तरी चालतें. पश्चिमेकडील गॅलरी बोळिंजला दोन कारणांनीं कठीण : एक तर दुपारनंतरचें तापलेलें ऊन, आणि दुसरें, समुद्राकडून येणारा खारा वारा. या वाऱ्यानें पानांच्या कडा जळतात. खाडीच्या दलदलींत तिवरांच्या संगतीनें वाढणारा ॲक्रोस्टिकम हा नेचा खारें पाणी पचवितो खरा, पण तो अपवाद आहे. आपल्या कुंडींतल्या जातींना मीठ सोसत नाहीं. पश्चिमेची गॅलरीच नशिबीं असेल तर बाहेरच्या बाजूस मनीप्लँटची दाट वेल चढवावी किंवा वाळ्याचा पडदा सोडावा, आणि तिच्या आडोशास नेचे ठेवावे. वाडींत नारळ-सुपारीच्या सांवलींत पानवेली वाढवितात ती याच युक्तीनें. वर उंच झाडांचें छत, कडेला दाट कुंपण, खालीं ओली जमीन, अशी तिहेरी व्यवस्था तेथें असते. गॅलरींत आपणांस त्याच वाडीची लहानशी नक्कल करावयाची आहे.

मातीची गोष्ट अशी. नेच्याचीं मुळें बारीक आणि उथळ असतात. त्यांना घट्ट चिकणमाती गुदमरविते. बागेची चांगली माती एक भाग, पुरतें कुजलेलें पाल्याचें खत एक भाग, आणि भरड वाळू व नारळाच्या सोडणाचा भुगा मिळून एक भाग, असें मिश्रण करावें. त्यांत मूठभर कोळशाचे बारीक तुकडे घालावे. वसईकडे सोडणांना तोटा नाहीं. मात्र भुगा वापरण्यापूर्वीं दोन-तीन वेळां गोड्या पाण्यांत भिजवून पिळून घ्यावा, म्हणजे त्यांतील क्षार निघून जातो. हंसराजासाठीं जुन्या चुन्याच्या गिलाव्याचा थोडा चुरा मिसळावा. कुंडी मातीची व उथळ असावी, आणि तिच्या तळाचें भोंक खापरीनें झांकावें, बुजवूं नये. झाडाचा गड्डा मातीच्या पृष्ठाशीं राहील असें पाहावें. तो खोल पुरला कीं कुजतो.

आतां पाणी. रोज ठराविक वेळीं तांब्याभर पाणी ओतण्याची आपली संवय देवपूजेला योग्य आहे, नेच्याला नव्हे. बोट पेरभर मातींत घालून पाहावें. माती ओली लागली तर पाणी घालूं नये. वरचा थर सुकूं लागला असेल तर तळांतून पाणी ठिबकेपर्यंत घालावें, आणि बशींत सांठलेलें ओतून टाकावें. कित्येक ठिकाणीं उन्हाळ्यांत बोअरचें पाणी मचूळ होतें. तें सतत घातल्यास कुंडीच्या कडेवर पांढरा क्षार जमतो आणि पानांचीं टोकें तपकिरी होतात. अशा वेळीं शक्य तर पावसाचें सांठविलेलें किंवा नळाचें पाणी वापरावें.

पण मातीच्या पाण्यापेक्षां हवेचा ओलावा सांभाळणें महत्त्वाचें, आणि त्यासाठीं तीन साधे उपाय आहेत. पहिला, एका रुंद थाळींत गोटे पसरून त्यांत पाणी भरावें, आणि गोट्यांवर कुंडी ठेवावी; कुंडीचा तळ पाण्याला लागूं नये. पाण्याची वाफ पानांना मिळते, आणि मुळें कोरडीं राहतात. दुसरा, एकटा नेचा ठेवूं नये. पांच-सात कुंड्या जवळ जवळ मांडाव्या, म्हणजे पानांतून निघणारा ओलावा त्यांच्यांतच राहतो. तिसरा, मातीची लहान कुंडी दुसऱ्या मोठ्या कुंडींत ठेवून मधली जागा काथ्यानें भरावी, आणि तो काथ्या ओला ठेवावा. पंख्याखालीं किंवा हवा गार करणाऱ्या यंत्राच्या झोतांत कोणताहि नेचा टिकत नाहीं. ज्यांच्या खोलींत तें यंत्र दिवसभर चालतें त्यांनीं वॉर्डसाहेबांचा मार्ग धरावा : कांचेच्या मोठ्या बरणींत हंसराज लावावा, आणि आंतल्या बाजूस फार थेंब जमूं लागले तर झांकण थोडा वेळ काढून ठेवावें. ही बरणी उन्हांत मात्र ठेवूं नये.

वर्षाचें वेळापत्रक थोडक्यांत सांगतों. जून-जुलै हा नेच्यांचा वाढीचा काळ. दोन वर्षांतून एकदां याच वेळीं कुंडी बदलावी, आणि गड्डा सुरीनें विभागून दोन-तीन झाडें करावीं. प्रत्येक भागाला मुळें व निदान एक कोंब असला पाहिजे. पावसाळ्यांत पंधरा-वीस दिवसांनीं अगदीं पातळ केलेलें, मुरलेल्या पेंडीचें पाणी द्यावें; तीव्र खतानें नाजूक मुळें भाजतात. सतत पावसाच्या माऱ्यांत कुंड्या उघड्यावर ठेवूं नयेत. ऑक्टोबरचें ऊन फसवें असतें. पावसाळ्यांत पुढें आणलेल्या कुंड्या तेव्हां पुन्हां आंत घ्याव्या. थंडींत उत्तरेकडून कोरडा वारा येतो, वाढ मंदावते. त्या काळांत खत बंद करावें आणि पाणी कमी करावें. मार्च ते मे हे कसोटीचे महिने. तेव्हां कुंड्या भिंतीलगत सरकवाव्या, सकाळ-संध्याकाळ गॅलरीच्या फरशीवर पाणी शिंपडावें, आणि वाळलेलें पान तेवढें कापावें.

रोगांविषयीं बोलतांना एक इशारा प्रथम दिला पाहिजे. पानाखालीं तपकिरी ठिपके दिसतांच पुष्कळ लोक कीड लागली म्हणून औषध फवारतात, आणि निरोगी झाडाला आजारी पाडतात. बीजाणूंचे ठिपके दोन्ही अंगांस सारख्या ओळींत, ठराविक अंतरावर असतात. खवल्याची कीड वाटेल तशी, विशेषतः देंठावर व शिरेवर बसते, नखानें टरकन निघते, आणि तिच्यामुळें पान चिकट होतें. तशी कीड असेल तर ओल्या कापसाच्या बोळ्यानें पुसून काढावी, फार किडलेलें पान कापून टाकावें. तेलकट व तीव्र औषधें नेच्याला सोसत नाहींत. द्यावयाचेंच झालें तर आधीं एका पानावर लावून दोन दिवस वाट पाहावी. पावसाळ्यांत वाडीच्या शेजारच्या घरांतून गोगलगायी कोंवळे कोंब खातात. रात्रीं दिवा घेऊन त्या वेंचणें हाच खात्रीचा उपाय.

नेफ्रोलेपिसच्या कुंडींतून हिरव्या दोऱ्यांसारखे तंतु लोंबतात. ते निरुपयोगी समजून कापूं नयेत. शेजारच्या कुंडींतील मातीला टेंकविले असतां त्यांच्यापासून नवीं रोपें होतात. ज्यांना धीर आहे त्यांनीं बीजाणूंपासूनहि नेचे करून पाहावे. पिकल्या ठिपक्यांचें पान कोरड्या कागदांत दोन दिवस घडी करून ठेवावें; तपकिरी पूड पडते. एक वीट उकळत्या पाण्यांत भिजवून निववावी, थाळींतल्या पाण्यांत उभी करावी, तिच्यावर पूड भुरभुरावी आणि वर कांचेची बरणी पालथी घालावी. कांहीं आठवड्यांत विटेवर हिरवी झांक येते, मग मघां सांगितलेले पापुद्रे दिसतात, आणि चार-सहा महिन्यांत त्यांतून इवले इवले नेचे डोकावूं लागतात. शाळेंत जाणाऱ्या मुलांना दाखविण्यासारखा याहून स्वस्त प्रयोग मला ठाऊक नाहीं.

एक गोष्ट मात्र कटाक्षानें टाळावी. सहलीला गेलें असतां डोंगरांतील किंवा विहिरीवरील नेचा उपटून आणूं नये. चिऱ्याच्या फटींतून ओढतांना त्याचीं मुळें तुटतात, आणि घरीं तो बहुधा जगत नाहीं. इंग्लंडांत गेल्या शतकाच्या मागील शतकांत नेचे जमविण्याचें एवढें वेड माजलें कीं चार्ल्स किंग्स्ली या लेखकानें १८५५ सालीं त्याला टेरिडोमेनिया, म्हणजे नेच्यांचा ध्यास, असें नांवच ठेवलें. त्या वेडापायीं कित्येक दुर्मिळ जाति त्यांच्या मूळच्या जागांवरून जवळ जवळ नाहींशा झाल्या. रोपवाटिकेंत वाढविलेलीं रोपें आज सहज मिळत असतां तो प्रकार आपण येथें करण्याचें कारण नाहीं.

शेवटीं, घरांतल्या कुंडीइतकीच दाराबाहेरच्या विहिरीची काळजी घेण्याविषयीं दोन शब्द. वसईच्या पश्चिम पट्ट्यांतील पुष्कळ बावखलें गेल्या कांहीं दशकांत भराव घालून बुजविलीं गेलीं, आणि जुन्या विहिरींपैकीं कित्येकांवर फरशी पडली. कांहीं ठिकाणीं गांवकऱ्यांनीं पुढाकार घेऊन बावखलें पुन्हां उपसलीं, ही समाधानाची गोष्ट. ज्या इमारतीच्या आवारांत जुनी विहीर शिल्लक आहे तेथील रहिवाशांनीं ती झांकावयाचीच तर जाळीनें झांकावी, फरशीनें नव्हे. आणि दुरुस्तीच्या वेळीं आंतल्या भिंतीला सरसकट सिमेंटचा गिलावा देण्याचा आग्रह धरूं नये. गिलावा दिला कीं हंसराजाची जागा कायमची जाते. चिऱ्यांच्या सांध्यांत हंसराज हिरवागार लोंबत असेल तर त्या जागीं ओलावा आणि सांवली अजून शाबूत आहे असें समजावें. आणि तो दरवर्षीं थोडा थोडा आटत गेला तर पाणी खोल चाललें आहे कीं काय, हें वेळींच पाहावें. कुंडींतला नेचा वाळला तर बाजारांतून दुसरा आणतां येतो. विहिरीवरचा वाळला तर विहीर कोठून आणणार?

तेव्हां श्रोतेहो, येत्या पावसाळ्याच्या आरंभीं आपल्या घराची सांवलीची बाजू एकदां झाडून घ्या, मोडक्या खुर्च्या हलवा, आणि तेथें नेफ्रोलेपिसची एक कुंडी गोट्यांच्या थाळींत मांडा. आणि आसपास जुनी विहीर असेल तर तिच्यांत एकदां डोकावून पाहा.